ट्रूडी तांतेची साधी गाडी

कॉर्डेल लॉकरिज माझ्या गॅरेजात आला, तेव्हा आधी एकदा चांगला पोळलेला होता. फ्लिंट शहरातल्या एका शाळेत त्यानं जन्मभर मुलांना बँड शिकवला. निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जुनी लाल शेव्हेल गाडी घेतली. पुढे, मागे, दोन्ही मडगार्डांवर 'एसएस'चे चकचकीत बिल्ले. जुन्या गाड्यांच्या पहिल्याच मेळाव्यात एका म्हाताऱ्यानं गुडघे टेकून गाडीखाली डोकं घातलं, उठून हात झटकले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, हिचं बारसं कुणी केलं?"

मेळावाभर हशा पिकला.

त्याचं असं आहे. त्या काळात शेव्हेल एकाच सांगाड्यात दोन तऱ्हेची निघायची. एक साधी मालिबू, पोरंबाळं आणि किराणा वाहायला. दुसरी सुपर स्पोर्ट, म्हणजे एसएस. तिच्यात अवाढव्य इंजिन, जाड मागचा आस, पुढे डिस्कचे ब्रेक, आणि पाय दाबला की डोकं मागे आपटवणारी ताकद. उभ्या असल्या तर दोघी सख्ख्या बहिणी. फरक सांगायला बिल्ले, आणि बिल्ले आता कुणालाही घरपोच मिळतात. त्यामुळे साध्या मालिबूला बिल्ले चिकटवून तिला एसएस म्हणून खपवणाऱ्यांचं पीक आलंय. माझं पोट बरंचसं त्या पिकावर चालतं. बिल्ला लावून मिरवणारी गाडी खरंच ती आहे का, हे बघायला लोक मला बोलावतात. हे काम मी वडिलांकडून शिकले. आम्हा तेर्प्स्त्रांचं गॅरेज म्हणजे नूर्डहेम या आमच्या डच गावातलं पत्र्याचं, ठोकाठोकीचं एकमेव दुकान.

"मग आता काय हवंय, मास्तर?" मी विचारलं.

"साधी," कॉर्डेल म्हणाला. "एकदम साधी मालिबू. जी स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही अशी. बढाईखोर गाडी आणि बढाईखोर ट्रम्पेटवाला, दोघांचा मला आता उबग आलाय."

"साधीच हवी तर तपासायची कशाला?"

"नेल्वा, मी आता टोस्टरसुद्धा तपासून घेतो." मग त्यानं खिशातून चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तुमच्याच गावात कुणी हार्मेन डाइकहाउस आहेत. फोनवर सौदा ठरलाय. हिरवी आहे, मागे मालिबू लिहिलंय म्हणाले. तू ओळखतेस त्यांना?"

ओळखते का! ओम हार्मेन, म्हणजे आमच्या डच बोलीत हार्मेनकाका, हे आमच्या चर्चचे एल्डर, वडीलधारे पंच. प्रवचन लांबलं की पुढच्या बाकावरून मागे पेपरमिंटच्या गोळ्या सरकवणारे, पण स्वतः कधी डुलकी न घेणारे. त्यांच्या ब्ल्यूबेरीच्या मळ्यावर एक पेटी कमी भरली गेली असं कधी झालं नाही. 'आहे ते आहे, नाही ते नाही' हे त्यांचं पालुपद. गाव त्यांना एकाच बाबतीत हसायचं. त्यांनी गाडी कधी गॅरेजला दाखवली नाही, ना माझ्या वडिलांना, ना मला. तेल स्वतः बदलायचं, ब्रेक स्वतः, सायलेन्सरही स्वतः. वडील म्हणायचे, "हार्मेन देवाचा वाटा देवाला देतो आणि मेकॅनिकचा वाटाही देवालाच देतो."

आणि ती गाडी चालवायची त्यांची बायको, ट्रूडी तांते. माझ्या आईची ती मावसबहीण, पण सगळं गाव तिला तांतेच म्हणतं, तांते म्हणजे मावशी. तिच्या गाडीमागे अडकलात की समजा एक अख्खं स्तोत्र म्हणून होईल, इतकी सावकाश. ट्रॅक्टरवाले तिला ओलांडून जायचे आणि वर टोपी काढून नमस्कार करायचे. ती हसून हात हलवायची.

आता मळा पुतण्याकडे गेला होता. दोघं चर्चशेजारच्या वृद्धांच्या वसाहतीत राहायला जाणार होते. तिथं गाडीला उघड्यावरची एक जागा. हिवाळ्यात गावाजवळच्या सरोवरावरून येणारा वारा आणि बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, या दोघांनी मिळून ती गाडी दोन वर्षांत खाऊन टाकली असती. म्हणून विकायची.

सप्टेंबरातला शनिवार होता, सकाळी ऊन पडलं होतं. आम्ही पोचलो तर तांते दारातच उभी, हाताला पीठ लागलेलं. घरभर बँकेटचा, म्हणजे बदाम भरलेल्या डच पेस्ट्रीचा वास. ओम हार्मेननी कॉर्डेलशी हात मिळवला आणि आम्हाला सरळ शेडकडे नेलं. दार सरकवल्यावर आत ती हिरवी गाडी उभी, आरशासारखी पुसलेली.

"सुंदर ठेवलीय!" कॉर्डेल म्हणाला. "साधी मालिबूच ना?"

ओम हार्मेननी गाडीच्या मागच्या बाजूकडे बघितलं. "मागे मालिबू असं लिहिलंय," ते म्हणाले.

"इंजिन?"

"चालतं."

"नाही, म्हणजे कुठलं आहे?"

"पहिल्या दिवसापासूनचं."

"आवाज वगैरे करते का?"

"तक्रार आलेली नाही."

शब्द जपून वापरणारा माणूस, एवढंच मला तेव्हा वाटलं. तेवढ्यात तांतेनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, "हार्मेन, पाहुण्यांना झुडपं दाखव जा! नेल्वाला तिचं काम करू दे. कॉफी व्हायला वेळ आहे." दोघं मळ्याकडे गेले. मी बाह्या सरसावल्या.

मी नेहमी मागून सुरुवात करते. बनावट काम करणारे पुढच्या बाजूला मन लावतात आणि मागे कंटाळतात. 'मालिबू' या अक्षरांवरून सहज बोट फिरवलं आणि थांबले. अक्षरं एका बाजूनं किंचित वर चढलेली होती. नखानं कड उचलून बघितली तर खाली गोंद. जुना, पिवळा पडलेला गोंद. आणि त्याच्या मागे पत्र्याला भोकच नाही.

कारखान्यात नाव बसवतात ते पत्र्याला भोक पाडून. बिल्ला गोंदानं चिकटवलेला सापडला की मी एरवी मनात म्हणते, सापडलास. पण ते एसएसच्या बिल्ल्याबाबत. साधं नाव गोंदानं चिकटवून कोण कशाला फसवील? घरच्या लोखंडी भांड्याला कुणी लोखंडाचा मुलामा देतं का?

मग मी डिकी उघडली आणि मागच्या पत्र्याला आतून हात लावला. मधोमध, बरोबर जिथं एसएसचा बिल्ला असायला हवा तिथं, बुजवलेली भोकं. खिशातून लोहचुंबक काढलं. हे माझं मुख्य हत्यार, फ्रीजवर चिठ्ठी लावायचं, बदकाच्या आकाराचं. पत्र्याला ते चटकन चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. मडगार्डावर फिरवलं, तर बिल्ल्याच्या जागी बदक खाली घसरलं. दुसऱ्या मडगार्डावर, त्याच जागी, तसंच.

सतरंजी टाकून गाडीखाली सरकले. मागचा आस बघितला, तर तो मालिबूचा नव्हताच, पैलवानाच्या मांडीसारखा जाडजूड. पुढे डिस्कचे ब्रेक. सायलेन्सर मात्र कुठल्याशा मोठ्या बुइक गाडीचे, म्हाताऱ्या बँकरला शोभतील असे मुके. कुणीतरी ते मुद्दाम, मापात कापून, अगदी निगुतीनं बसवले होते.

बॉनेट उघडलं आणि मी चक्क टोपी काढली.

ते इंजिन मालिबूत कधी दिलंच नव्हतं. दोन माणसांनी मिठी मारावी तेव्हा कवेत येईल असलं धूड. पुढच्या बाजूला त्याच्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. चिंधीनं तेल पुसलं, विजेरी धरली, मग काचेखालच्या पट्टीवरचा गाडीचा आकडा वाचला. तंतोतंत तोच. हे इंजिन याच गाडीबरोबर जन्मलेलं होतं. अशा गोष्टी एकेक बाहेरून आणून बसवता येतात, नाही असं नाही. पण आस, ब्रेक, भोकं, इंजिन, आकडे, सगळ्यांना एकच खोटं पढवायला फार उद्योग लागतो. आणि एवढा उद्योग करून वर ते लपवायचं?

पंचवीस-तीस वर्षं मी या धंद्यात आहे. नकली थोरल्या बहिणी शेकड्यांनी पाहिल्या. धाकटीचा फ्रॉक घालून बसलेली खरीखुरी थोरली मी पहिल्यांदाच पाहत होते. तीही कुठं, तर ज्या गाडीमागे अडकून मी शाळेला उशिरा पोचायचे, तीच!

मी बॉनेट हळूच खाली टेकवलं, चुकून कुणाच्या खोलीत शिरल्यावर आपण दार ओढून घेतो तसं. मागे वळले तर तांते. हातात कॉफीचा कप, आणि चेहरा असा, की जणू प्रार्थनेत मोठ्यानं शिंक आलीय.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"तांते, ही एसएस आहे."

"हळू बोल!" तिनं मळ्याकडे नजर टाकली. कप माझ्या हातात कोंबला आणि स्वतः उलट्या बादलीवर बसली. "तुला जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही. कळलं?"

"तांते, मास्तरांनी मला पैसे देऊन आणलंय. त्यांना खरं सांगावंच लागेल."

"मग त्याला सांग. पण हार्मेनच्या कानावर जायला नको." तिनं ॲप्रनची कड चुरगाळली. "त्याला ठाऊक नाही गं."

"काय?"

मग तिनं सांगितलं. लग्नाआधी ती एका गाड्यांच्या दुकानात टायपिंग करायची. दुपारी डबा खायला बसली की मागच्या अंगणात पोरं नव्या गाड्या सुरू करून बघायची. एके दिवशी या गाडीचा आवाज आला. "माझा घास हातातच राहिला," तांते म्हणाली. "मला वाटलं, हा आवाज मला हवा. बाकी मुली झुंबर मागतात, पडदे मागतात. मला तो आवाज हवा होता." पगारातून कापून कापून तिनं ती घेतली. सगळा उन्हाळा सरोवराकाठच्या रस्त्यानं ती हाकली. "आणि हळू नव्हे, नेल्वा. अजिबात हळू नव्हे."

मग चर्चच्या गायकवृंदात हार्मेन भेटला. आणि हार्मेनचे वडील, म्हणजे म्हातारे डाइकहाउस. त्यांच्या घरी रविवारी रेडिओ लावत नसत आणि सोमवारीही जपूनच लावत. त्या घरी पहिल्यांदा रविवारच्या जेवणाला जायचं ठरलं, तेव्हा वाटेत स्मशानभूमीच्या मागे तिनं गाडी थांबवली आणि लोणी लावायच्या सुरीनं बिल्ले उचकटून काढले.

"भोकं राहिली. मग त्यात खिडकीच्या काचा बसवायची लुकण भरली आणि वरून घरच्या टपालपेटीसाठी आणलेला हिरवा रंग फासला. नंतर दुकानातून 'मालिबू'ची अक्षरं आणून चिकटवली. बस. झाली साधी गाडी."

"आणि ओम हार्मेनना इतक्या वर्षांत कळलं नाही? तेल तर तेच बदलतात!"

"त्याला तेल ओतायचं आणि नटबोल्ट आवळायचे एवढंच कळतं. इंजिन म्हणजे इंजिन, मग ते ट्रॅक्टरचं असो की माझं." ती हसली, मग एकदम गंभीर झाली. "आधी सासऱ्यांची भीती होती. ते गेल्यावर वाटलं, आता सांगू. पण एवढी वर्षं लपवलं ते कसं सांगायचं? तो माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही, आणि बायको त्याला रोज खोट्या नावाच्या गाडीत बसवून देवळात नेतेय."

मी म्हटलं, "त्या लुकणीला पुन्हा कधी हात लावलास?"

"कधीच नाही. सुटत कशी नाही याचंच मला नवल वाटतं. चांगली लुकण होती हो तेव्हाची."

ती कॉफी बघायला आत गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले. कारण खिडकीची लुकण या हवेत पाच हिवाळेसुद्धा टिकत नाही. आणि माझं बदक घसरलं होतं ते चांगल्या तळहाताएवढ्या जागेवरून, भोकांपुरतं नव्हे.

पुन्हा सतरंजीवर आडवी झाले आणि मडगार्डाच्या आतून विजेरी मारली. तिथं तांतेची लुकण होती, सुकून पापड झालेली, भोकाच्या कडेला थोडीशी. पण तिच्यावर आतून पत्र्याचा छोटा तुकडा बसवलेला, त्यावर गंजाचा लाल रंग, बाहेरून पातळ पुट्टी घासून गुळगुळीत केलेली. बिल्ल्यांच्या चारही ठिकाणी तसंच. माझ्या वडिलांनी पाठ थोपटली असती असं काम. ज्यानं हे केलं त्याला आपण काय बुजवतोय ते पक्कं ठाऊक होतं.

मला खाली पडल्या पडल्याच हसू फुटलं.

कॉफीला बसलो चौघं. मेजावर बँकेट, हॅम भरलेले पाव, आणि प्रार्थना झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. प्रार्थना झाली. कॉर्डेलनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "मिसेस डाइकहाउस, गाडी राहू दे, मी हेच घेऊन जातो." मग माझ्याकडे वळला. "हां, बोल नेल्वा. साधी आहे ना?"

तांते चमच्यानं कॉफी ढवळायला लागली. तिच्या कॉफीत साखर नव्हती, दूधही नव्हतं.

मी म्हटलं, "मास्तर, त्याआधी मला एक विचारायचंय. ओम हार्मेन, मडगार्डांना आतून पत्र्याचे तुकडे कुणी बसवले?"

ओम हार्मेनच्या हातातला बँकेटचा तुकडा बशीत पडला. बदामाचा चुरा उडाला. त्यांचे कान आधी गुलाबी झाले, मग चांगले लाल.

"कसले तुकडे?" तांतेनं विचारलं.

ओम हार्मेन बोटानं चुरा गोळा करायला लागले.

"हार्मेन. कसले तुकडे?"

ओम हार्मेननी रुमालानं तोंड पुसलं. मग घडी घातली. मग ती घडी मोडून पुन्हा घातली. "लुकण सुटत होती," ते म्हणाले. "पाणी शिरलं असतं. गंजली असती."

"तुला लुकण ठाऊक होती?"

"ट्रूडी, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी तेल बघायला बॉनेट उघडलं. आत गाय बसल्यासारखं इंजिन. वरच्या डब्यावर आकड्यांचा कागद चिकटवलेला, इतक्या घोड्यांची ताकद म्हणून. मला वाचता येतं." ते घुटमळले. "तो कागद मी खरवडून काढला. बाबा कधीही शेडमध्ये यायचे."

"आणि सायलेन्सर?" मी विचारलं.

"सेलमध्ये मिळाले म्हणाला होतास!" तांते ओरडली. "बुइकचे सेलमध्ये मिळाले म्हणून मी तुला चिक्कू म्हणाले होते, सगळ्या बहिणींना सांगितलं होतं!"

"ते आधीचे फार बोलत होते," ओम हार्मेन म्हणाले. "बाबांना ऐकू कमी यायचं, पण एवढं कमी नाही."

कॉर्डेल एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "थांबा, थांबा. मला कुणी सांगेल का, ती गाडी आहे तरी काय?"

"एसएस आहे, मास्तर," मी म्हटलं. "अस्सल. इंजिनासकट. माझ्या हातून गेलेली सगळ्यात खरी."

कॉर्डेलनं हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे साधी समजून घ्यायला आलो ती पण तोतयाच निघाली! देवा, मी पुन्हा फसलो. फक्त या वेळी उलट्या बाजूनं!" आणि तो इतक्या जोरात हसला की खिडकीतल्या बश्या किणकिणल्या. ट्रोम्बोन वाजवणाऱ्याची छाती ती.

पण तांते हसत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. "तू मला का नाही सांगितलंस?"

"तू मला सांगितलं नव्हतंस," ओम हार्मेन म्हणाले. "म्हटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील. तोवर मला ठाऊक आहे असं कळून तुला वाईट का वाटू द्यायचं? मग बाबा गेले. मग वाटलं आता निघेल विषय. नाही निघाला. मग इतका उशीर झाला की... विषय काढायचा कधी? जेवताना?"

"पण तू एल्डर! लोकांना साधी गाडी म्हणून सांगितलंस!"

"कधीच नाही." आता त्यांचा आवाज जरा ताठ झाला. "साधी असं मी एकदाही म्हणालो नाही. या गृहस्थांना विचार. मी म्हणालो, मागे मालिबू लिहिलंय. लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय," कॉर्डेल डोळे पुसत म्हणाला. "शब्द न् शब्द खरा."

तांतेला ते ऐकून आधी ओठ दाबावे लागले, मग ॲप्रन तोंडाला लावावा लागला. शेवटी तिनं मेजावर डोकं टेकलं आणि खांदे गदगदायला लागले. ओम हार्मेन घाबरून उठले. "ट्रूडी? रडू नकोस गं." तिनं डोकं वर केलं, तर डोळ्यांतून पाणी, पण हसून हसून. "मी इतकी वर्षं," तिला धड बोलता येईना, "इतकी वर्षं गोगलगायीसारखी चालवली... तुला कळू नये म्हणून! ट्रॅक्टर मला ओलांडून गेले, हार्मेन!"

"मला वाटायचं, तुला सावकाश जायला आवडतं," ओम हार्मेन म्हणाले.

"सावकाश!" तांतेनं तो शब्द आंबलेल्या दुधासारखा थुंकला.

पुढचा भाग मी जन्मात विसरणार नाही. कॉर्डेल खुर्ची मागे सारून म्हणाला, आता ठरलेल्या किमतीला आपण ही गाडी घेऊच शकत नाही, ती लूट होईल. आणि खरी किंमत द्यायची आपली ऐपत नाही, तेव्हा सौदा मोडला. ओम हार्मेन म्हणाले, शब्द दिलाय, गाडी तुम्हाला त्याच किमतीला न्यावी लागेल. कॉर्डेल म्हणाला, नेणार नाही. ओम हार्मेन म्हणाले, न्यावीच लागेल, मी शब्द फिरवत नाही. विकणारा कमी घ्यायला हटून बसलाय आणि घेणारा जास्तीवाचून हात लावायला तयार नाही, असं भांडण आमच्या डच मुलुखात आजवर कुणी ऐकलं नसेल. आवाज चढले. कॉर्डेलनं मेजावर मूठ आपटली. ओम हार्मेननी मूठ आपटली नाही, पण बशी सरकवली, म्हणजे त्यांच्यापरीनं तेच.

"झालं?" तांते म्हणाली. "हार्मेन, शब्द कुणी दिला?"

"मी."

"आणि गाडी कुणाच्या नावावर आहे?"

ओम हार्मेननी सरकवलेली बशी परत जागेवर आणली.

"माझ्या. तीही माहेरच्या नावानं. मी कुणाला शब्द दिलेला नाही, आणि मी विकत नाही. मिस्टर लॉकरिज, तुम्ही एवढ्या लांबून आलात, माफ करा. पण तुम्हाला घरी रिकाम्या हातानं पाठवणार नाही. एक चक्कर मारून आणते. चला."

"ट्रूडी, बँकेट तरी संपवू—"

"हार्मेन, गाडीत बस."

ती चालवायला, शेजारी ओम हार्मेन, मागे कॉर्डेल आणि मी. मळ्याच्या रस्त्यावर ती नेहमीसारखीच गेली, सावकाश, दोन्ही हात चाकावर. मला वाटलं, सवय काही जात नाही. मग सरोवराकाठचा सरळ रस्ता लागला. तिनं आरशात बघितलं. गिअर खाली टाकला, आणि पाय दाबला.

पाठ सीटमध्ये रुतली. माझी टोपी मागच्या काचेवर. बुइकच्या त्या मुक्या सायलेन्सरांनाही आता गप्प बसवेना. खोल, घशातला, बोटीच्या भोंग्यासारखा आवाज यायला लागला. कॉर्डेल माझ्या कानात ओरडला, "खालचा बी फ्लॅट! ऐकतेस का? कौटुंबिक गाडी या सुरात गात नाही!" वाळूच्या टेकड्या, टपालपेट्या, सफरचंदांचा ठेला, सगळं एका हिरव्या-पिवळ्या रेघेत पळालं. समोर एक ट्रॅक्टर होता. तांतेनं त्याला ओलांडलं. त्या बिचाऱ्याला टोपीला हात लावायलाही वेळ मिळाला नाही.

"हळू," ओम हार्मेन म्हणाले. त्यांनी पुढची फळी दोन्ही हातांनी धरली होती.

"भीती वाटते का?"

त्यांनी कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला. मग म्हणाले, "नाही. चौथा गिअर टाक. इंजिनाला त्रास होतोय."

तांतेनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, इतका वेळ बघितलं की मागून आम्ही दोघंही "रस्ता!" म्हणून किंचाळलो.

गाडी विकली नाही. हिवाळ्यात ती माझ्या गॅरेजच्या मागच्या खणात राहते. ओम हार्मेन रोज दुपारी तिला बघायला येतात, आणि माझ्या कामात चुका काढतात. त्यांचा हात इतका बारीक आहे की मी त्यांना दोन-तीन मडगार्ड भरायला दिले, आणि ते घासत बसले की दुपारभर गुणगुणतात. कॉर्डेल महिन्यातून एकदा येतो. त्याच्या लाल शेव्हेलचे खोटे बिल्ले आम्ही तिघांनी मिळून काढले. आता ती एक साधी मालिबू आहे, आणि तो तिच्यावर खूष आहे.

वसंतात तांतेला सरोवराकाठच्या रस्त्यावर पोलिसानं थांबवलं. तरुण पोर होतं, परवान्यावर डाइकहाउस हे एल्डरांचं नाव वाचून जरा अवघडलं. "मॅडम, किती वेगानं चालला होतात, कल्पना आहे का?"

तांतेनं डोळे मोठे केले. "खरंच नाही रे बाळा. आता या वयात मला तो काटा कुठला दिसायला?"

पोरगं वहीत काही न लिहिता परत फिरणार, तेवढ्यात शेजारच्या सीटवरून ओम हार्मेन पुढे वाकले. "मला दिसतो," ते म्हणाले, आणि काटा जिथं पोचला होता तो नेमका आकडा त्यांनी सांगून टाकला. पोराच्या यंत्रात आला होता त्याहून तो बराच मोठा होता.

तांते पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दंड भरायला दोघं बरोबर गेले, गाडीनंच. ओम हार्मेन सांगतात की जाताना ती अगदी नियमात चालवत होती. येतानाचं मात्र ते काही सांगत नाहीत.